आवरलेली मूठ आणि सावध घास

प्रवेशाच्या दिवसांत पालकवर्ग शाळा पाहावयास येतो, तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मैदानावर पांढऱ्या पोशाखातील मुले एका तालात ठोसे मारताना दिसली, की कोणीतरी संकोचाने म्हणते, "तथागतांनी करुणा शिकवली, मग त्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत हे मारामारीचे शिक्षण कशासाठी?" दुपारी भोजनगृहात पंगत निःशब्द बसलेली पाहून दुसरा प्रश्न येतो : "लेकरांना जेवताना गप्प का बसवता?"

हे प्रश्न विचारणाऱ्यांत आता आमचे काही माजी विद्यार्थीही असतात. एके काळी याच मैदानावर उभे राहिलेले आणि याच पंगतीत बसलेले विद्यार्थी आज आपल्या मुलांना घेऊन येतात. त्यांना उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडत आहोत.

आमच्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. हात उगारला जाण्यापूर्वी मनात एक क्षण असतो. घास उचलण्यापूर्वीही असाच एक क्षण असतो. बहुतेकांच्या आयुष्यात हे क्षण नकळत निघून जातात. तो क्षण ओळखणे, त्यात थांबणे आणि मग योग्य ते करणे, एवढ्यालाच आम्ही मनोबल म्हणतो. मैदान आणि भोजनगृह या त्याच्या दोन शाळा आहेत.

१. यादी एकच आहे

मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात पूर्ण जाणिवेने करावयाच्या कृतींची एक यादी आहे. पुढे जाणे व मागे येणे, हातपाय आखडणे व पसरणे, खाणे, पिणे, चावणे, चव घेणे, उभे राहणे, बसणे, बोलणे आणि मौन पाळणे अशा कृती तीत येतात. यादीत अद्भुत असे काहीच नाही. लहान मूलही दिवसभर हेच करीत असते. मात्र प्रत्येक कृती करताना ती आपण करीत आहोत याचे भान असावे, एवढीच अट आहे.

हात आखडणे आणि पसरणे, हे अर्धे कराटेच आहे. मूठ कमरेशी ओढली जाते आणि पुढे झेपावते. चावणे आणि चव घेणे म्हणजे भोजन. दोन्ही गोष्टी सुत्तात एकाच यादीत, एकाच पातळीवर ठेवलेल्या आहेत. विहारात आसनावर बसणे तेवढी साधना आणि बाकीचा दिवस व्यवहाराचा, अशी विभागणी तेथे नाही.

पालीत यासाठी दोन शब्द येतात. सति म्हणजे जे घडत आहे त्याचे भान, आणि संपजञ्ञ म्हणजे जे करीत आहोत ते कशासाठी व योग्य आहे का, याची समज. मुलांना हे शब्द पाठ करावयास लावण्यापेक्षा त्यांच्याच शरीरात दाखवून देणे सोपे जाते. राग येतो तेव्हा आधी श्वास आखूड होतो, जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, आणि मग हात उठतो. हावरेपणा येतो तेव्हा नजर आधी शेजारच्या ताटात जाते, आणि तोंडातला घास गिळण्यापूर्वीच बोटे पुढच्या घासाकडे वळतात. ज्याला आपले खांदे चढलेले कळतात, त्याला हात आवरण्याची संधी मिळते. ज्याला ते कळतच नाही, त्याला उपदेश कितीही केला तरी तो वेळेवर आठवत नाही.

२. रिकामा हात

बोधिधर्माने चीनमधील शाओलिन विहारातील भिक्खूंना युद्धकला शिकवली, ही कथा मुलांना फार आवडते. ती कथा म्हणूनच सांगितली पाहिजे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. उलट ओकिनावा बेटावरील थोर गुरू इतोसु आंको यांनी १९०८ मध्ये कराटेविषयी दहा सूचना लिहिल्या. कराटेचा उगम बौद्ध किंवा कन्फ्यूशियन विचारांत नाही, असे त्यांनी त्यांच्या आरंभीच नोंदवले आहे. तेव्हा ही विद्या मुळात बौद्ध आहे असा दावा आम्ही करीत नाही. शरीराला भान शिकवण्याचे ते एक चांगले साधन आहे, आणि त्याला शीलाचा आधार दिला तर ते धम्माच्या मार्गावर उपयोगी पडते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इतोसु यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांचे चरित्र आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. त्यांचा जन्म १८६८ चा. बालपणी ते अशक्त होते. पुढे त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि रात्री गुरूंच्या अंगणात सराव केला. एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक मालिका, त्यांना महिनोन्‌महिने करावी लागे. गुरूंचे समाधान झाल्याखेरीज पुढची मिळत नसे. १९२२ मध्ये ते टोकियोला गेले आणि कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. पूर्वी 'कराटे' हा शब्द 'चिनी हात' या अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाई. फुनाकोशींनी त्यातील पहिले चिन्ह बदलून 'रिकामा' या अर्थाचे चिन्ह स्वीकारले. बौद्ध ग्रंथांच्या चिनी व जपानी अनुवादांत 'शून्यता' या शब्दासाठी हेच चिन्ह वापरतात. हात शस्त्राने रिकामा असावा आणि मन अहंकाराने रिकामे असावे, असा दुहेरी अर्थ त्यांना अभिप्रेत होता. कराटेत पहिला प्रहार आपला नसतो, हा त्यांच्या शिकवणुकीतील मुख्य नियम आहे.

ज्युदोचे जनक कानो जिगोरो हेही शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात मोजक्या शिष्यांसह आपली कोदोकान ही संस्था सुरू केली. ज्युदोत आरंभी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि हात जमिनीवर आपटून धक्का पसरवायचा. आमच्याकडेही नवीन मुलांचे पहिले काही आठवडे गादीवर पडण्यातच जातात. इजा न होता पडता येते आणि पुन्हा उठता येते, हे ज्या मुलाच्या पाठीला कळले, त्याला परीक्षेतील अपयशही थोडे कमी भिववते, असा आमचा अनुभव आहे.

यात एक धोकाही आहे आणि तो लपवणे योग्य नाही. केवळ कवायतीने माणूस सौम्य होत नाही. युद्धकाळात जपानमध्ये याच कलांचा उपयोग सैनिकी मनोवृत्ती घडवण्यासाठी झाला. शीलाविना मिळालेली ताकद दुबळ्याच्या अंगावरच पडते. म्हणून आमच्या वर्गाची सुरुवात आणि शेवट जोडीदाराला वाकून नमस्कार करून होतो. सरावाआधी काही मिनिटे डोळे मिटून श्वास पाहायचा असतो. समोरासमोरच्या सरावात मूठ जोडीदाराच्या चेहऱ्यापासून दोन बोटांवर थांबली पाहिजे, हा नियम आहे. ठोसा मारणे महिन्याभरात येते. तो पूर्ण वेगात असताना दोन बोटांवर थांबवणे यायला एक-दोन वर्षे लागतात. आमची खरी परीक्षा त्या दोन बोटांच्या अंतराची असते.

३. ताटासमोर

भोजनाबाबत तथागतांनी दोन्ही टोके नाकारली. उरुवेलेला सिद्धार्थाने अन्न इतके कमी केले की पोटाची कातडी पाठीच्या कण्याला टेकली. त्यातून ज्ञान हाती लागत नाही हे ओळखून त्याने पुन्हा अन्न घेतले. तेव्हा बरोबरचे पाच तपस्वी त्याला चैनी समजून सोडून गेले, तरी त्याने निर्णय बदलला नाही. सुजातेची खीर आपण वैशाख पौर्णिमेला आदराने आठवतो. मध्यम मार्गाच्या वाटेवर एका स्त्रीने दिलेले पोटभर अन्न आहे, हे त्या खिरीमागचे तात्पर्य विसरू नये.

दुसरे टोक कोसलराज प्रसेनजिताचे. संयुत्त निकायात त्याची कथा आहे. हा राजा एका वेळेस द्रोणभर तांदळाचा भात खाई आणि धापा टाकीत तथागतांपाशी येऊन बसे. तथागतांनी त्याची निंदा केली नाही किंवा त्याला उपासही सांगितला नाही. जाणीव ठेवून मोजके खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात व आयुष्य सांभाळले जाते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी त्याला वेतन ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर तांदळावर आला आणि अंग हलके झाले. भोजनाच्या वेळी कोणीतरी आठवण करून द्यावी, ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

आमच्या पंगतीतील मौन म्हणजे ती आठवण. ते पूर्ण जेवणभर नसते, पहिली पाच मिनिटे असते. वाढून झाल्यावर मुले ताटाकडे पाहतात. ही ज्वारी कोणी पेरली, कोणी खुडली, कोणी दळली, चुलीपुढे पहाटेपासून कोण उभे आहे, हे मनाशी आठवतात. हे अन्न चैनीसाठी नसून शरीर चालावे आणि शिकता यावे यासाठी आहे, एवढे स्मरतात. पहिले पाच घास सावकाश चावून खातात. तोंडातला घास गिळल्याखेरीज पुढचा उचलायचा नाही, एवढाच नियम. त्यानंतर गप्पा सुरू होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. घाईने जेवणाऱ्याला ती येईपर्यंत गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेले असते. वाढत्या वयाच्या मुलाला मात्र हवी तितकी भाकरी मिळाली पाहिजे. सावधपणे जेवणे म्हणजे कमी जेवणे नव्हे. हा फरक आम्हाला मात्र चुकूनच कळला.

४. आमच्याकडून झालेली चूक

वसतिगृहाच्या आरंभीच्या वर्षांतील हा प्रसंग आहे. ऊसतोड कामगारांचा एक मुलगा सहावीत दाखल झाला. दसऱ्यानंतर आईवडील कारखान्याच्या वाटेला लागत ते पाडव्याच्या सुमारास परतत. त्याआधीचे दोन हंगाम त्यानेही उसाच्या फडाशेजारी कोपीत काढले होते. तो फार भरभर जेवे. मौनाच्या पाच मिनिटांत त्याचे ताट रिकामे झालेले असे.

दिवाळीनंतर एके दिवशी खोलीत मुंग्या झाल्या म्हणून पेट्या उघडल्या, तेव्हा त्याच्या पेटीत कपड्यांखाली वाळलेल्या भाकरीचे तुकडे निघाले. आम्ही त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे केले आणि अदत्तादानाच्या शीलावर बोललो. संध्याकाळी मैदानावर जोडीदार त्याला "भाकरचोर" म्हणाला. त्याची मूठ दोन बोटांवर थांबली नाही. जोडीदाराचा ओठ फुटला. आम्ही त्याला आठवडाभर वर्गातून काढले आणि त्या रात्री सर्वांचे जेवण झाल्यावर पंगतीच्या शेवटी एकट्याला बसवले. शिस्त म्हणून हे आम्हाला तेव्हा योग्य वाटले होते.

रात्री स्वयंपाकघर आवरताना मावशी आमच्यापाशी आल्या. त्या म्हणाल्या, "सर, लेकरू चोरत न्हाई. उद्या भाकर मिळंल का न्हाई, ह्याचा त्याला भरवसा न्हाई. आन्‌ तुम्ही त्याला गप बसून जेवाया शिकवताव."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मावशींनीच उपाय केला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या त्याला कोठीघरात नेऊ लागल्या. ज्वारीची पोती त्याला दाखवीत, आणि उद्याच्या भाकरीचे पीठ त्याच्याच हाताने मापट्याने मोजून घेत. उद्याचे अन्न आहे, हे त्याच्या हातांना रोज कळू लागले. तीनेक आठवड्यांनी त्याची पेटी रिकामी राहू लागली. आम्ही त्याच प्रार्थनेत, त्याच मुलांसमोर आपली चूक कबूल केली. तो खाली मान घालून ऐकत होता. नंतर म्हणाला काहीच नाही.

त्यानंतर आम्ही धम्मपद अट्ठकथेतील आळवीची कथा पुन्हा वाचली. एका गरीब माणसाला उपदेश करण्यासाठी तथागत दूरवर चालत आळवीला गेले. त्या माणसाचा बैल हरवला होता. तो शोधून तो धापा टाकीत सभेत पोहोचला तेव्हा उपाशी होता. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी उरलेले अन्न आहे का ते विचारले, त्याला पोटभर वाढावयास लावले आणि मगच उपदेश केला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, असे त्यांनी सांगितले. ही कथा आम्ही अनेकदा सांगितली होती. आमच्या पंगतीत ती घडत असताना मात्र ओळखली नाही.

मावशींची आठवण झाली की जपानी झेन आचार्य दोगेन यांचा एक अनुभवही आठवतो. १२२३ मध्ये ते चीनला गेले, तेव्हा बंदरावर एका विहाराचा वृद्ध स्वयंपाकी अळंबी विकत घेण्यासाठी आला होता. दोगेन यांनी त्याला रात्रभर थांबण्याचा आग्रह केला. दुसऱ्या दिवशीच्या भोजनाची जबाबदारी आपली आहे, म्हणून तो थांबेना. एवढ्या वयात ध्यान-अध्ययन सोडून स्वयंपाकाची दगदग कशाला, असे विचारताच तो मोठ्याने हसला आणि साधना म्हणजे काय हे तुला अजून कळले नाही, असे म्हणाला. दोगेन यांनी १२३७ मध्ये विहारातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात ही भेट कृतज्ञतेने नोंदवली आहे. आमच्या शाळेतही तो धडा चुलीपाशीच मिळाला.

तो मुलगा पुढे दहावी होऊन गेला. कराटेचे पदक त्याला कधी मिळाले नाही. शेवटच्या वर्षी समोरासमोरच्या सरावात त्याची मूठ पूर्ण वेगाने येई आणि दोन बोटांवर थांबे. ज्याचा ओठ फुटला होता तोच जोडीदार समोर असे, आणि तो डोळे मिटत नसे.

५. महाडचा धडा

आपल्या समाजाच्या दृष्टीने अन्नाचा प्रश्न आणखी खोल आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे थांबवण्याचे आवाहन केले, हे मात्र कमी सांगितले जाते. ज्यांच्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती, त्यांना हे आवाहन होते. आपल्या आजा-पणजांनी ते स्वीकारले. गावोगाव लोकांनी आपण काय खातो आणि कोणाच्या हातून, कोणत्या अटीवर घेतो, हे जाणून निर्णय घेतला.

सावध घास याहून मोठा कोणता असेल? पुढे आलेले अन्न भूक असतानाही नाकारण्यास जे बळ लागते, तेच बळ अपमान झाल्यावर मूठ आवरण्यास लागते. आणि न्याय्य हक्कासाठी तळ्याकडे पाऊल उचलण्यासही तेच लागते. आवरणे म्हणजे भिऊन मागे सरणे नव्हे, हे महाडने दाखवले. तळ्यावरून परतणाऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा चिडलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी शांत राहावयास सांगितले. म्हणून आमच्या पंगतीतील मूल ताटावर बसते ते ताठ पाठीने बसते. ते कोणाच्या दयेचे अन्न खात नाही.

६. घरी करण्याजोगा अभ्यास

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, आणि त्यात आईनेही बसावे. सर्वांना वाढून उरलेले शेवटी खाणारी बाई ज्या घरात आहे, तेथे पाच मिनिटांच्या मौनाला अर्थ नाही. त्या वेळी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद असावेत. दुसरी, राग आला की बोलण्यापूर्वी आपले खांदे पाहावेत. ते वर चढले असतील तर तीन श्वास सावकाश सोडावेत आणि मग बोलावे. मूल हे आपल्याकडे पाहून शिकते, सांगून शिकत नाही. तिसरी, मुलाला शिक्षा म्हणून जेवण कधीही नाकारू नये, उशिराही देऊ नये. ही चूक आम्ही केली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

आजही दर जूनमध्ये नव्या पेट्या येतात. आता आम्ही मुलाला सोबत घेतल्याशिवाय पेटी उघडत नाही. एखाद्या पेटीत भाकरीचा तुकडा सापडलाच, तर प्रार्थनेत काहीही न बोलता त्या मुलाला घेऊन आधी कोठीघरात जातो आणि त्याच्या हाती मापटे देतो.